शेगडी रचली, सर्व यथास्थित

सेलविका, स्पिट्सबर्गेनचा उत्तर किनारा
९ फेब्रुवारी १९३५

राग्ना,

हे पत्र तुला जूनच्या आधी मिळणार नाही, आणि मिळालं तरी तू ते उघडशील याची खात्री नाही. मागच्या वर्षीची दोन्ही तू न फोडता परत पाठवलीस. तरी लिहितो, कारण आज खोपटात माझ्याखेरीज फक्त म्हातारी कुत्री आहे आणि ती दाराकडे तोंड करून बसली आहे.

तुझा ओलुफ परवा सकाळी उत्तरेच्या खोपटाकडे निघाला. वाटेतले कोल्ह्यांचे सापळे बघायचे, दोन रात्री तिथे काढायच्या आणि परतायचं. बरोबर पाच कुत्री आणि स्लेज. एका दिवसाची वाट आहे. तो निघाला तेव्हा हवा स्वच्छ होती. दुपारी वारा सुटला आणि तो अजून थांबलेला नाही.

तू दीड वर्षापूर्वी ट्रोम्सोच्या धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "दादा, माझा नवरा जसा नेतोस तसा आणून दे. नाही तर माझ्या दारात उभा राहू नकोस." मी हसलो होतो. त्या हसण्याचा तुला राग आला असणार. होड्या बांधणाऱ्या माणसाला दोन हिवाळे बर्फात नेऊन काय करायचं, हा तुझा प्रश्न रास्त होता. मला त्याचे हात हवे होते. मोजण्याची यंत्रं मोडतात आणि माझ्या हातून एक खिळा सरळ जात नाही.

उत्तरेचं खोपट आमचं आणि पलीकडच्या खाडीतल्या हेल्मरचं सामाईक आहे. हेल्मर एकटा राहतो, शिकार करतो, वर्षातून दोनदा कॉफी प्यायला येतो. खोपट लहान पण पक्कं आहे. जानेवारीत सहा दिवस बर्फाची जाडी मोजायला मी तिथे होतो. तिथे सगळं यथास्थित आहे. ओलुफ पोचला असेल, मोजे वाळत घालून वाऱ्याला शिव्या घालत बसला असेल.

तिथे सगळं यथास्थित आहे. हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहिलं. खोडत नाही.

११ फेब्रुवारी, दुपार

वारा तसाच. परवाच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो.

खोपट सोडताना काय करायचं हे आपल्याकडे पोरंसुद्धा जाणतात. राख काढायची. शेगडीत ढलप्या, वर बारीक काटक्या, वर फोडलेलं लाकूड असं रचून ठेवायचं. झाकणावर काडेपेटी ठेवायची, अर्धी उघडी, तीन काड्या बाहेर डोकावतील अशी, म्हणजे ज्याची बोटं वळत नाहीत त्याला त्या दातांनी ओढता येतील. मग खोपटाच्या वहीत तारीख, वारा, 'शेगडी रचली' आणि सही. बाबा म्हणायचे, "प्रार्थना विसरलास तर तू आणि देव काय ते बघून घ्या. शेगडी विसरलास तर माझ्याशी गाठ आहे."

वहीत माझी नोंद आहे. '२२ जानेवारी. शेगडी रचली, काड्या काढून ठेवल्या, सर्व यथास्थित. आ. ब.' सुवाच्य अक्षर, काळी शाई. फक्त ती नोंद मी एकवीस तारखेच्या संध्याकाळी केली. सकाळी दौत गोठलेली असते, संध्याकाळी शेगडीच्या उबेनं वितळते, म्हणून निघण्याची नोंद आदल्या संध्याकाळीच करायची मला सवय आहे. पेन्सिल मी वापरत नाही. पेन्सिलीचं लिखाण खोडता येतं. वाऱ्याची जागा मात्र मी कोरी सोडतो आणि निघताना दौत काखेत धरून तेवढा एक शब्द भरतो, उद्याचा वारा आज कसा लिहिणार? शेगडीचं लिहिलं, कारण शेगडी माझ्या हातातली गोष्ट होती.

बावीसला सकाळी कॉफीसाठी उरलेल्या काटक्या जाळल्या. लाकूड बाहेर बर्फाखाली होतं. कुऱ्हाड घेऊन बाहेर पडलो आणि खाडीकडून आवाज आला, कुणी गाडीभर दगड उतारावर ओतावेत तसा. बर्फ फुटत होतं. चांदण्यात एक काळी रेघ किनाऱ्यापासून सुटून पुढे गेलेली दिसली. अडकलो तर महिनाभर अडकलो, एवढा एकच विचार. स्की चढवल्या, पिशवी उचलली आणि पळालो. पळालो हाच शब्द आहे.

राग्ना, मी बर्फाला भितो. अकरा वर्षं मी त्याची जाडी मोजतो आहे, त्यावर दोन पुस्तकं लिहिली, आणि पायाखाली ते कण्हलं की मला पळायचं असतं. हे कुणालाच ठाऊक नाही. ओलुफलाही नाही.

सेलविकाला पोचल्यावर कोटाच्या खिशात हात घातला तर काडेपेटी. तिथली.

त्यानंतर सोळा दिवस ओलुफ माझ्यासमोर बसून जेवत होता. सोळा दिवसांत मला एक वाक्य बोलता आलं नाही. आज नको, उद्या सांगू, उद्या तो काही लगेच तिकडे जात नाही. सात तारखेला कुत्री जुंपताना त्यानं विचारलं, "वर सगळं आहे ना, मेहुणे?" मी म्हणालो, "वहीत लिहिलंय." 'हो' म्हणालो नाही. खोटंही बोललो नाही. एवढी चलाखी मला त्या घटकेला सुचली, आणि तो गेला.

त्याच्याकडे स्वतःच्या काड्या आहेत. लाकूड दारापाशीच आहे. धट्टाकट्टा माणूस आहे, पाच मिनिटांत पेटवेल. हे मी कालपासून स्वतःला शंभरदा सांगितलं. पण शेगडी रचायची रीत धट्ट्याकट्ट्या माणसासाठी नाहीच.

आज तो परतायचा दिवस उलटून दोन दिवस झाले. वारा उतरला की निघतो. खाडीचं बर्फ ओलांडावं लागेल. काठी दारापाशी काढून ठेवली आहे. 

२० फेब्रुवारी

ओलुफ जिवंत आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं.

तेराला वारा पडला तसा निघालो. खाडीवर मी काठीनं ठोकत, चार पावलं टाकत, ऐकत, परत चार पावलं टाकत गेलो. जी वाट तो एका दिवसात जातो तिला मला दोन दिवस लागले. त्यातला किती उशीर बर्फामुळे आणि किती माझ्या भित्रेपणामुळे, याचा हिशेब माझ्याकडे नाही. चौदाला दुपारी, आकाश दक्षिणेला जरा तांबूस असताना, खोपट दिसलं. धुराड्यातून धूर नव्हता. कुत्री बर्फात पुरून घेऊन बसली होती. पाच नव्हे, तीन.

दार ढकललं. आत अंधार. वाटलं, बोललो तर उत्तर येणार नाही, म्हणून बोललो नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला.

"कोण? अस्वल असशील तर दार लाव, वारा येतोय."

"ओलुफ, मी."

"मेहुणे! उशीर केलास. कॉफी संपली, खुर्ची संपली, आता मी बाकडं खात होतो." तो हसायला गेला आणि खोकला. "शेगडीत घाल काहीतरी. मला धरता येत नाही."

त्याचे दोन्ही हात त्यानं काखेत घातले होते. बाहेर काढायला लावले. मी त्या हातांचं वर्णन करणार नाही.

घडलं ते असं. खोपटापासून हाकेच्या अंतरावर, बर्फावर साचलेल्या पाण्यात स्लेज फसली. दोन कुत्री गेली. स्लेज सोडवताना तो छातीपर्यंत भिजला. खिशातल्या काड्यांचा लगदा झाला. टोपीच्या शिवणीत तीन काड्या शिवलेल्या असतात ना, तू शिवलेल्या, त्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. खोपटात शिरला तेव्हा कपडे पत्र्यासारखे वाजत होते. त्यानं थेट शेगडी उघडली, कारण उघडायची आणि काडी लावायची एवढंच काम असायला हवं होतं. आत राख. झाकणावर काही नाही.

लाकडाला जायची ताकद उरली नव्हती. फळीवर वही होती. तिची मागची कोरी पानं त्यानं दातांनी एकेक ओढून काढली. बोटं तेव्हाच गेली होती. पहिल्या दोन काड्या दातांत धरून शेगडीच्या लोखंडावर ओढताना मोडल्या. तिसरी पेटली. नंतर त्यानं खुर्ची पायानं मोडून जाळली.

मी वही पाहिली. शेवटच्या नोंदीपर्यंतचं एकही पान फाटलेलं नाही. लिहिलेली साठ पानं तशीच. मी म्हणालो, "सगळी वही का नाही जाळलीस?"

तो म्हणाला, "लिहिलेलं कसं जाळायचं? आणि पुरावा आहे तो." मग त्यानं हनुवटीनं वही दाखवली. "वाच. तू रचून गेलास. नंतर कुणीतरी आला, तुझी रचलेली शेगडी पेटवली, काड्या उचलल्या, नाव न लिहिता निघून गेला. या किनाऱ्यावर तू, मी आणि हेल्मर. मी नव्हतो. तू लिहिलंयस. उरला कोण?"

राग्ना, माझं तोंड उघडं होतं. त्यातून शब्द आला तो, "झोप आता."

२६ मार्च

ओलुफला आणि त्या वहीला स्लेजवर घालून मी सेलविकाला आणलं. नऊ मार्चला मी त्याची बोटं काढली. पेटीत क्लोरोफॉर्मची एक लहान बाटली होती, ती अर्ध्यात संपली. उजव्या हाताचा अंगठा राहिला आहे, डाव्याचा अंगठा आणि तर्जनी. जखमा स्वच्छ आहेत, ताप नाही. याची तारीखवार नोंद मी ठेवली आहे, तुमच्या डॉक्टरला उपयोगी पडेल.

मी त्याला भरवतो. त्याची दाढी करतो, नाडी बांधतो, सोडतो. तो थट्टा करतो. "राग्नानं इतके लाड कधी केले नाहीत. तुझ्याशीच लग्न करायला हवं होतं, मेहुणे." मधेच समोरच्या भिंतीतल्या फळ्यांचे जोड डोळ्यांनी तपासत राहतो. एकदा म्हणाला, "चार फळ्यांची होडी बघायलाही बोटं लागतात. डोळ्यांना खरं कळत नाही, हात फिरवल्यावर कळतं."

परवा हेल्मर आला. सूर्य चांगला वर होता. तो मोठ्यानं ओरडत, बर्फातल्या तीन रानकोंबड्या उंचावून दाखवत आला. "कॉफी टाका रे, मेलात का?" दारात येऊन त्यानं ओलुफचे हात पाहिले आणि कोंबड्या तिथेच खाली ठेवल्या.

ओलुफ म्हणाला, "बस. या हिवाळ्यात वरच्या खोपटात कधी गेला होतास?"

"नोव्हेंबरात. वहीत आहे. काय झालं हे?"

"जानेवारीत?"

"नाही."

"शेवटच्या आठवड्यात? पाऊण तास? बोटं जरा शेकायला?"

हेल्मरच्या हळूहळू लक्षात येत गेलं. ते त्याच्या चेहऱ्यावर येताना मी पाहिलं. "ओलुफ, तू काय विचारतोयस ते तुला कळतंय का? वीस वर्षं हिवाळे काढतोय मी इथे."

"मला माझ्या हातांनी कळतंय. मेहुणे, वही दे त्याला."

मी दिली. हेल्मरनं नोंद वाचली, परत वाचली. म्हणाला, "इथे वारा लिहिलेला नाही."

"नसेल वारा."

"नसेल तर 'शांत' लिहितात. मागे बघ, हा दर वेळी लिहितो." त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखाद्या बर्फावर पाय ठेवायचा की नाही हे ठरवताना बघतात तसं. "आयलर्ट, तू सांग. निघालास तेव्हा वारा कुठला होता?"

मी म्हणालो, "ईशान्येचा. मंद."

एवढंच उत्तर मी दिलं. ते खरं होतं.

ओलुफ म्हणाला, "या माणसानं दोन वर्षांत एक शून्य चुकवलेलं नाही. त्याच्या शब्दावर ओस्लोत पुस्तकं छापतात. तुझ्या शब्दावर काय छापतात? जा. ऑगस्टमध्ये ट्रोम्सोला उतरलो की धक्क्यावरच सांगणार आहे मी, हेल्मर रिकामी शेगडी ठेवतो."

तो कॉफी न पिता गेला. तुला ठाऊक आहे याचा अर्थ. कुठलाच कप्तान त्याला बोटीवर घेणार नाही, कुणी त्याच्याबरोबर हिवाळा काढणार नाही, त्याच्या नावानं पोरांना भीती घालतील. पन्नाशीचा माणूस, दुसरं काही येत नाही.

तेव्हापासून मी झोपेत वही चाळतो. जागा असतो तेव्हा ओलुफ बोलला की दचकतो, आणि बोलला नाही की जास्त दचकतो. या माणसाला मी रोज चमच्यानं जेवू घालतो, आणि तो तोंड उघडून माझ्याकडे विश्वासानं बघतो. अस्वलाची, अंधाराची, बर्फाची भीती मला माहीत होती. ही नव्हती.

१२ एप्रिल

सांगितलं.

धैर्य आलं म्हणून नव्हे, तेही नोंदवतो. काल दुपारी ओलुफ म्हणाला, "दौत आण. दोन पत्रं आहेत. एक राग्नाला, एक शिकारी बोटींच्या कप्तानांना. मी सांगतो, तू लिही. तुझं अक्षर सगळे मानतात."

तुझं आधी. 'राग्ना, हात जरा आखूड झाले आहेत, पण तुला मिठी मारण्याइतके पुरतात. रडू नकोस, आणि दादावर राग धरू नकोस, त्यानं मला आणलं नसतं तर मी खोपटात संपलो असतो.' हे मी लिहिलं, राग्ना. माझ्या हातानं, माझ्याबद्दल. तो कागद माझ्यापाशी आहे, त्यानं तो फाडायला सांगितलेला नाही.

मग दुसरं. 'सर्व कप्तानांस. मी, ओलुफ स्टोर्विक, होडीबांध्या, खालील गोष्ट शपथेवर सांगतो. फेब्रुवारीच्या सात तारखेस उत्तरेच्या खोपटात शेगडी रिकामी आढळली. माझ्याआधी तेथे...'

"लिही. हेल्मर क्विटनेस."

मी 'हे' लिहिलं आणि थांबलो.

"काय झालं? शाई गोठली?"

"नाही."

"मग?"

"शेगडी मी रचली नव्हती."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणालो. मग सगळंच सांगितलं. आदल्या संध्याकाळची नोंद, कॉफी, फुटणारं बर्फ, खिशातली काडेपेटी, सोळा दिवस. सांगताना मी माझ्या बाजूचं एक-दोन शब्द बोललो असेन. बर्फ खरंच फुटत होतं, असं मी दोनदा म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

तो उठला. दारापाशी गेला. आकडा वर आहे आणि घट्ट आहे. त्यानं अंगठ्यानं उचलून पाहिला, मग मनगटानं, मग कोपरानं. उघडेना. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. मी उठलो नाही. माझ्याकडे पाठ करून, फार हळू, तो म्हणाला, "दार उघड."

मी उघडलं.

२ मे

नऊ दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तोंड उघडायचा, मी भरवायचो, तो मान वळवायचा. एकदा दोन तास बाहेर होता. मी तीनदा शोधायला निघालो आणि तीनदा दारातून परत फिरलो, कारण तो इथे बांधायला घेतलेल्या होडीच्या सांगाड्यापाशी बसलेला दिसत होता आणि मी दिसलो की उठून गेला असता. कुठे? सगळीकडे बर्फच आहे. रात्री, आता रात्र म्हणण्यासारखी उरलेली नाही, पण झोपायच्या वेळी, मी त्याचा श्वास मोजत पडायचो. माझ्या खाटेखाली बंदूक होती. ती मी सांगाड्याच्या पलीकडे नेऊन पुरली. त्याला चालवता येत नाही हे लक्षात आल्यावर मला स्वतःची लाज वाटली, आणि मग आणखी एक विचार आला, की मी ती त्याच्यापासून लपवली नव्हती.

दहाव्या दिवशी तो म्हणाला, "हेल्मरकडे जायचं. मी स्लेजवर बसेन. तू ओढशील."

"खाडीवरून?"

"खाडीवरून. किनाऱ्यानं चार दिवस लागतात."

तीन कुत्री आणि मी. मधोमध बर्फ कण्हलं. मी थांबलो.  मागून तो म्हणाला, "ऐकू आलं मला. मी पण आहे या बर्फावर. चल." खाडी पार होईपर्यंत तो दर शंभर पावलांना 'चल' म्हणत होता, रागानं, एकाच सुरात. मला दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून म्हणत होता की काय, हे मी विचारलं नाही.

हेल्मर दारात उभा होता. त्यानं आम्हाला आत बोलावलं नाही. मी बाहेरच सांगितलं, उभ्यानं, बाजूचे शब्द न घालता. ओलुफ स्लेजवर बसून ऐकत होता. संपल्यावर ओलुफ म्हणाला, "हेल्मर, मी तुला जे बोललो ते परत घेतो."

"तुझं तू घेतलंस. झालं." मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू? माझ्या दारात येऊन हळू आवाजात सांगितलंस, ही तीन कुत्री साक्षीला. मला ते नको. याला मी चोर वाटलो तेव्हा हा म्हणाला, धक्क्यावर सांगेन. तू पण धक्क्यावर सांग. माणसं उभी असतात तिथे. बायका, पोरं, कप्तान, सगळी. मोठ्यानं. वहीच्या अक्षरात नको."

मी म्हणालो, "सांगेन."

"भीती वाटते?"

"हो."

"मला मार्चपासून वाटतीये," हेल्मर म्हणाला आणि दार लावून घेतलं.

१५ जून

खाडीत एक शिकारी बोट आली आहे. उद्या दक्षिणेला निघते, ट्रोम्सोला दोन आठवड्यांत पोचेल. आमची बोट ऑगस्टमध्ये येईल आणि वाटेत हेल्मरलाही घेईल. म्हणजे ही पत्रं आमच्या आधी तुझ्या हाती पडतील. ती मी आत्ताच, या पानाची शाई वाळली की, कप्तानाच्या हातात देणार आहे. उद्यापर्यंत माझ्यापाशी राहिली तर मी त्यांतलं काही सुधारेन. पहिलं पत्र खोटं आहे, ते तसंच ठेवलं आहे. ओलुफनं सांगितलेलं पत्रही यातच आहे. ते त्याला खरं ठाऊक नव्हतं तेव्हाचं आहे, तसं समजून वाच. आता तो तुला काय लिहील हे मी त्याला विचारलं. म्हणाला, "आता मी लिहिणार नाही. भेटल्यावर बोलेन."

खोपटाच्या वहीत नोंद दुरुस्त केली. मूळ ओळ वाचता येईल अशी एकच रेघ मारली, वर खरं लिहिलं, तारीख आणि सही. ओस्लोच्या संस्थेला पाठवायच्या अहवालातही सगळं घातलं आहे. बर्फाच्या वह्या पहिल्यापासून तपासल्या. आकडे सगळे मोजल्या जागीच लिहिलेले आहेत. तरी मी वर लिहिलं आहे, की या वह्यांवर किती विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्यानं ठरवावं. पुस्तक होणार नाही.

ओलुफ माझ्याशी कामापुरतं बोलतो. काल त्यानं अंगठा आणि तर्जनीत पटाशी धरून होडीच्या एका फळीचा कंगोरा काढला. तासभर लागला, रक्त आलं. मी मदत करू का म्हणालो तर म्हणाला, "लांब उभा राहा, प्रकाश अडतोय." फळी बरी झाली आहे. पूर्वीसारखी नाही.

तू मला जसा दिलास तसा मी त्याला आणत नाही. तुझ्या दारात येणार नाही. पण धक्क्यावर तू असशील, कारण त्याचा कोट बंद करायला, पिशवी उचलायला कुणीतरी लागेल, आणि ते मी करू नये असं त्यानं सांगितलं आहे. त्याला घे आणि घरी जा. थांबू नकोस.

मी सगळ्यांत शेवटी उतरेन. कप्तानांना मी याच बोटीनं निरोप पाठवतो आहे, की उतरल्यावर मला काही बोलायचं आहे, माणसं पांगू देऊ नका. कशाबद्दल ते लिहिलं नाही. बहुतेकांना वाटेल बर्फाबद्दल. तयारी म्हणून मी रोज किनाऱ्यावर जाऊन ती वाक्यं मोठ्यानं म्हणतो. चार वाक्यं आहेत. तिसऱ्यात मी अडतो. त्यात ओलुफच्या हातांचं आहे, आणि अजून मला ते एका दमात म्हणता आलेलं नाही.

आयलर्ट